कागद चुकीच्या ट्रेतून का येतो?

कार्यालयात नोकरी करणारी मुले-मुली आता आपल्या बहुतेक घरांत आहेत. कोणी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे, कोणी पतसंस्थेत, कोणी वकिलाच्या हाताखाली, कोणी दवाखान्याच्या काउंटरवर. संगणकाचा कोर्स झालेला असतो, टायपिंग येते, एक्सेल येते. पण नोकरीच्या सुरुवातीला ज्या गोष्टींवरून या मुलांना बोलणी खावी लागतात, त्यांत ऑफिसचा प्रिंटर हमखास असतो. साध्या कागदावर काढायची यादी संस्थेच्या लेटरहेडवर निघते. ए-फोर कागद भरलेला असताना प्रिंटर भलताच कागद मागत उभा राहतो. दाखल्याचा खालचा भाग, जिथे सही आणि शिक्का यायचा, तोच कापला जातो. मग सगळ्यांच्या नजरा शेवटी रुजू झालेल्याकडे वळतात.

लेटरहेड रंगीत छपाईचे असते आणि साध्या कागदापेक्षा बरेच महाग पडते. काही कार्यालयांत छापील कोऱ्या दाखल्यांवर अनुक्रमांक असतात आणि प्रत्येकाचा हिशेब द्यावा लागतो. एक दाखला वाया गेला तर रजिस्टरमध्ये 'रद्द' असा शेरा मारून सही घ्यावी लागते. नव्या माणसाच्या नावावर असे चार शेरे पडले की 'कामात लक्ष नाही' हा ठपका बसतो. म्हणून हा विषय आम्हाला घराघरांत बोलण्यासारखा वाटतो. एकदा समजून घेतला तर तो अवघड नाही.

तीन मापांचा घोळ

आधी कागदाची मापे पाहू. आपल्याकडे ऑफिसात सर्वांत जास्त चालतो तो ए-फोर कागद. त्याचे माप २१० बाय २९७ मिलिमीटर. हे माप मूळ जर्मनीत १९२२ साली ठरले आणि १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. अमेरिकेत मात्र 'लेटर' नावाचा कागद चालतो. त्याचे माप साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटर. तो ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. तिसरा 'लीगल', साडेआठ बाय चौदा इंचांचा. कोर्टकचेरीच्या कामात आपल्याकडे हाच लांब कागद वर्षानुवर्षे वापरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-फोर स्वीकारला, तरी लांब कागद अनेक कार्यालयांतून अजून गेलेला नाही.

आता गंमत अशी की, संगणकात भाषा किंवा प्रदेश 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' असा ठेवलेला असला की अनेक प्रोग्रॅम नवी फाइल उघडताना 'लेटर' हे माप धरतात. पडद्यावर दोन्ही पाने सारखीच दिसतात. आपण छापायला दिले की प्रिंटर ट्रेमध्ये पाहतो, तिथे ए-फोर आहे, मागणी लेटरची आहे. तो थांबतो आणि कागद मागतो. एचपी कंपनीच्या जुन्या लेझरजेट प्रिंटरवर 'पीसी लोड लेटर' असा संदेश यायचा. त्यातल्या 'पीसी'चा अर्थ पेपर कॅसेट, आणि 'लेटर' म्हणजे कागदाचे माप. लोकांना वाटे की संगणक पत्र भरायला सांगतो आहे. १९९९ च्या 'ऑफिस स्पेस' या अमेरिकन चित्रपटात या संदेशावर विनोद झाला आणि तो जगभर पसरला. हसण्यावारी गेले तरी प्रश्न खरा होता, आणि आपल्याकडच्या ऑफिसांत तो आजही रोज येतो.

ट्रेची नावे

प्रिंटरला कागद ठेवायच्या एकाहून अधिक जागा असतात. समोर किंवा बाजूला उघडणारी एक फळी असते. तिच्यात पाकीट, जाड कार्ड, एखादा दाखला असे सुटे कागद ठेवतात. खाली खण असतात, त्यांत रीममधला कागद भरतात. एचपी यांना 'ट्रे' म्हणते, कॅनन 'ड्रॉवर' म्हणते, क्योसेरा 'कॅसेट' म्हणते. नाव वेगळे, काम एकच. एचपीच्या बऱ्याच लेझर प्रिंटरमध्ये समोरच्या फळीला ट्रे १ म्हणतात आणि खालच्या मुख्य खणाला ट्रे २.

या फळीची एक सवय लक्षात ठेवावी. तिच्यावर 'कोणतेही माप, कोणताही प्रकार' अशी सेटिंग असेल आणि तिच्यात कागद पडलेला असेल, तर एचपीचे अनेक प्रिंटर आधी तोच कागद ओढतात. सकाळी कोणी दोन लेटरहेड फळीत ठेवून जातो, छापायचे विसरतो, आणि दुपारी दुसऱ्याची हजेरीची यादी त्यावर निघते. इथे चूक यादी काढणाऱ्याची नसते. काम झाले की फळी रिकामी करून बंद करणे, एवढी शिस्त सर्वांनी पाळली तरी बऱ्याच तक्रारी कमी होतात.

हुकूम चार ठिकाणांहून येतो

कोणत्या ट्रेमधून कागद घ्यायचा, हे प्रिंटरला चार ठिकाणांहून सांगितले जाते. पहिले ठिकाण म्हणजे ती फाइल. वर्डच्या फाइलमध्ये 'पेज सेटअप'च्या 'पेपर' भागात पहिल्या पानासाठी एक ट्रे आणि पुढच्या पानांसाठी दुसरा ट्रे निवडता येतो, आणि ती निवड फाइलमध्येच साठून राहते. दुसरे ठिकाण म्हणजे छापताना उघडणारी चौकट. तिसरे, आपल्या संगणकावर त्या प्रिंटरसाठी ठेवलेली कायमची पसंती. विंडोजमध्ये तिला 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' म्हणतात. चौथे, खुद्द प्रिंटरच्या पॅनेलवर भरलेली माहिती: कोणत्या ट्रेत कोणत्या मापाचा, कोणत्या प्रकारचा कागद आहे.

सामान्यपणे फाइलमधला स्पष्ट हुकूम संगणकाच्या पसंतीवर मात करतो, आणि कोणीच स्पष्ट काही सांगितले नसेल तेव्हा प्रिंटर स्वतःच्या माहितीवर निर्णय घेतो. म्हणून नुसती पॅनेलची बटणे दाबत बसले तर अनेकदा काहीच बदलत नाही. हुकूम वरून येत असतो.

एका कार्यालयातली गोष्ट

आमच्या परिचयातील एक मुलगी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात लागली. प्रिंटर एकच, नेटवर्कवर जोडलेला, सहा जणांचा. ट्रे २ मध्ये साधा कागद, ट्रे ३ मध्ये लेटरहेड. तिने काढलेल्या याद्या दर वेळी लेटरहेडवर निघत. शेजारच्या टेबलावरून काढलेल्या नीट निघत. मोठे बाबू रोज म्हणत, "बेटा, तूच काहीतरी दाबतेस." तिने घरी अम्मीला सांगितले की आता नोकरीच नको.

आम्ही तिला चार प्रयोग करायला सांगितले. पहिला, नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून छापायच्या. त्या साध्या कागदावर आल्या. म्हणजे संगणकाची कायमची पसंती ठीक होती आणि प्रिंटरही ठीक होता. दुसरा, वर्डमध्ये अगदी नवी कोरी फाइल उघडून छापायचे. तेही साध्या कागदावर आले. म्हणजे वर्डचाही दोष नव्हता. तिसरा, नेहमीची यादीची फाइल छापायची. ती लेटरहेडवर आली. चौथा, तीच फाइल शेजारच्या टेबलावरून छापायची. तिथेही ती लेटरहेडवरच निघाली. दोष फाइलमध्ये होता, हे सिद्ध झाले.

'पेज सेटअप' उघडल्यावर उलगडा झाला. ती फाइल तिच्या आधीच्या लिपिकाने जुन्या प्रिंटरसाठी तयार केली होती आणि तिच्यात ट्रे ठरवून ठेवला होता. प्रत्येक ट्रेला आतून एक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रिंटरमध्ये सारखाच असेल असे नाही. जुन्या प्रिंटरवर ज्याचा अर्थ साध्या कागदाचा खण होता, तो नव्या प्रिंटरने लेटरहेडचा खण असा घेतला. ही मुलगी त्याच फाइलची नक्कल करून रोज नवी यादी बनवत होती आणि प्रत्येक नकलेबरोबर तो जुना हुकूमही येत होता. शेजारी आपली यादी एक्सेलमध्ये करत होता, म्हणून त्याला त्रास नव्हता. दोष तिच्या रुजू होण्याच्या आधीपासूनचा होता. तिने ते चारही कागद मोठ्या बाबूंसमोर ठेवले आणि विषय तिथेच मिटला.

शोधायचा क्रम

या गोष्टीत जो क्रम वापरला, तोच कुठल्याही कार्यालयात चालतो. आम्ही तो पायरीने देत आहोत.

१. आधी कागद पाहा. ट्रे बाहेर ओढा. आतले सरकते गज कागदाला अगदी चिकटून आहेत का? ते ए-फोरच्या खुणेवर नसतील तर माप ओळखणारे प्रिंटर भलतेच माप समजतात. काही ट्रेवर मापाची चकती असते, तीही बघा. ट्रेवर जास्तीत जास्त भरण्याची रेघ असते, तिच्या वर कागद जाऊ देऊ नका.

२. मग पॅनेल पाहा. ट्रेच्या यादीत ट्रे २ पुढे 'ए-फोर, प्लेन' असे आहे का? प्रिंटरला माप कदाचित ओळखता येते, पण आत लेटरहेड आहे की साधा कागद, हे बहुतेक प्रिंटरना सांगावेच लागते. लेटरहेडच्या ट्रेचा प्रकार 'लेटरहेड' असाच नोंदवा. तसे केले की साधा कागद मागणारे काम सहसा त्या ट्रेकडे जात नाही.

३. नोटपॅडमधून एक पान छापा. ते चुकले तर दोष संगणकाच्या पसंतीत किंवा प्रिंटरमध्ये. ते बरोबर आले तर दोष फाइलमध्ये किंवा त्या प्रोग्रॅममध्ये.

४. तेच काम दुसऱ्या संगणकावरून छापा. एकाच संगणकावर चुकत असेल तर त्या संगणकाची 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' उघडा आणि 'पेपर सोर्स' स्वयंचलित निवडीवर आहे का ते पाहा. सर्वांकडे चुकत असेल तर प्रिंटर किंवा सर्व्हर.

५. फाइल तपासा. वर्डमध्ये 'लेआउट' टॅब, 'पेज सेटअप'च्या कोपऱ्यातला छोटा बाण, मग 'पेपर'. माप ए-फोर करा, दोन्ही याद्यांत प्रिंटरचा नेहमीचा ट्रे निवडा, आणि खाली 'होल डॉक्युमेंट' निवडायला विसरू नका. फाइलमध्ये एकाहून अधिक विभाग असतील तर प्रत्येक विभागाचा ट्रे वेगळा असू शकतो. मेल मर्जने तयार केलेल्या पत्रांत हे हमखास होते, कारण तिथे प्रत्येक पत्राचा स्वतंत्र विभाग बनतो. एक्सेलमध्ये प्रत्येक शीटचे पान वेगळे ठरते. पहिली शीट ए-फोर आणि तिसरी लेटर असे सहज घडते.

६. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅटच्या छपाईच्या चौकटीत 'पानाच्या मापावरून कागद निवडा' अशा अर्थाची एक खूण असते. पीडीएफ लेटर मापाची आणि ही खूण चालू असेल, तर प्रिंटर लेटर कागद मागतो. खूण काढा आणि 'फिट' निवडा. मात्र दाखल्याच्या छापील चौकटीत मजकूर बसवायचा असेल तर 'फिट' नको, 'ॲक्चुअल साइज' हवे. नाहीतर मजकूर आक्रसतो आणि नाव भलत्याच रेघेवर बसते. लीगलवर आखलेले पान ए-फोरवर बसवले तर ते जवळपास ८३ टक्के होते.

७. ब्राउझरमधून छापताना क्रोमच्या स्वतःच्या चौकटीत ट्रेचा पर्याय अनेकदा दिसत नाही. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि पी ही तिन्ही बटणे एकदम दाबा. विंडोजची मूळ चौकट उघडते आणि तिथे ट्रे निवडता येतो. ऑनलाइन अर्जाची पावती काढताना हे उपयोगी पडते.

८. जास्तीचा ट्रे यादीत दिसतच नसेल तर तो संगणकाला माहीतच नाही. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'डिव्हाइस सेटिंग्ज'मध्ये तो ट्रे बसवलेला आहे असे नोंदवावे लागते. हे काम परवानगी असलेल्या माणसाकडून करून घ्या.

कायमची सोय: एक प्रिंटर, दोन नावे

रोज रोज ट्रे निवडायचा म्हटले की कोणीतरी चुकणारच. त्यावर एक साधा उपाय आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. एकच प्रिंटर संगणकात दोनदा बसवायचा. एकाचे नाव 'साधा कागद', दुसऱ्याचे 'लेटरहेड'. पहिल्याला कायमचा ट्रे २ द्यायचा, दुसऱ्याला ट्रे ३. मग छापताना ट्रे शोधायची गरज नाही, नाव निवडले की झाले. मराठी वाचता येणारा कोणीही शिपाईसुद्धा हे बिनचूक करू शकतो.

सर्व्हरवरून प्रिंटर वाटलेला असेल तर ही निवड 'ॲडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'मध्ये करावी. ती सर्वांना लागू होते. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' फक्त आपल्यापुरती असते, आणि ज्याने आधीच स्वतःची पसंती बदलून ठेवली आहे त्याला सर्वांसाठी केलेला बदल लागू होत नाही. "साहेबांनी सेटिंग केली तरी माझ्याकडे तसेच" या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

आणखी एक गोष्ट बंद करा. विंडोजमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा' अशी सेटिंग आहे. ती चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटरच नेहमीचा होऊन बसतो. सकाळी एकदा 'लेटरहेड' निवडले की त्या संगणकाची पुढची सगळी कामे तिकडेच जातात.

उलटा कागद, ओला कागद

ट्रे बरोबर आणि कागद उलटा, हाही नुकसानीचा मोठा मार्ग. लेटरहेड तोंड वर करून ठेवायचे की खाली, हे प्रत्येक प्रिंटरचे वेगळे असते, आणि त्याच प्रिंटरच्या फळीचे व खणाचेही वेगळे असू शकते. अंदाज करू नका. साध्या कागदाच्या एका बाजूला पेन्सिलीने बाण काढा, तो ट्रेत ठेवा, एक पान छापा आणि मजकूर कुठे आला ते पाहा. जी बाजू बरोबर ठरेल ती एका चिठ्ठीवर लिहून ट्रेवर चिकटवा. दोन्ही बाजूंनी छापताना ही बाजू बदलू शकते, म्हणून तोही प्रयोग वेगळा करा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघड्या रीममधला कागद दमट होतो, वळतो, आणि दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. लोक मग ट्रे बदलत बसतात. रीम वेष्टनातच ठेवा आणि लागेल तेवढाच कागद काढा. प्रमाणपत्राचा जाड कागद शक्यतो फळीतून द्या आणि त्याचा प्रकार 'हेवी' किंवा 'कार्डस्टॉक' निवडा. जाड कागदावर शाई पक्की बसायला जास्त उष्णता लागते, आणि प्रिंटर ती प्रकारावरून ठरवतो. 'प्लेन' ठेवले तर बोट फिरवताच अक्षरे निघतात. गुणवंत मुलाच्या प्रमाणपत्राचे असे व्हायला नको.

अडकलेले काम आणि दुसऱ्याची खाजगी बाब

सामायिक प्रिंटरवर एकाचे काम चुकीचा कागद मागत थांबले की त्यामागे सगळ्यांची कामे अडतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा 'प्रिंट' दाबले जाते आणि कागद मिळताच त्याच पत्राच्या पाच प्रती बाहेर येतात. प्रिंटर बंद-चालू करूनही थांबलेले काम अनेकदा पुन्हा येते, कारण ते संगणकाच्या रांगेत शिल्लक असते. म्हणून आधी रांग उघडा, थांबलेले काम कोणाचे ते पाहा, त्याला विचारा, आणि मगच रद्द करा.

यात आणखी एक बाजू आहे. थांबलेले काम तासाभराने, दुसऱ्या कोणी कागद भरल्यावर निघते. तेव्हा मालक तिथे नसतो. ते पान पगाराची स्लिप असू शकते, कोणा भगिनीचा वैद्यकीय अहवाल असू शकतो, कोणाचे आधार कार्ड असू शकते. सहा जणांच्या हातांतून ते पान फिरणे बरे नाही. बऱ्याच ऑफिस प्रिंटरमध्ये पिन टाकल्यावरच पान बाहेर येईल अशी सोय असते, ती वापरा. नसेल तर छापायला देऊन टेबलावर बसून राहू नका, प्रिंटरपाशी जाऊन उभे राहा. आणि दुसऱ्याचे पान हाती आले तर ते न वाचता पालथे घालून त्याला द्या.

वडीलधाऱ्यांना एक विनंती

संस्थाचालक, मुख्याध्यापक, व्यवस्थापक यांना आमची विनंती आहे. प्रिंटरशेजारी भिंतीवर एक कागद लावा. कोणत्या ट्रेत काय आहे, कोणत्या बाजूने ठेवायचे, फळी रिकामी ठेवायची, अडचण आली तर कोणाला विचारायचे, एवढ्या चार ओळी पुरतात. आणि नवा कर्मचारी आला की पहिल्याच दिवशी त्याला प्रिंटरपाशी नेऊन हे दाखवा. त्याला दहा मिनिटे लागतात.

आणि नव्याने नोकरीला लागलेल्या मुला-मुलींनो, कोणी रागावले तर रडू नका, वादही घालू नका. नोटपॅडचे पान काढा, कोऱ्या फाइलचे पान काढा, जुन्या फाइलचे पान काढा, आणि तिन्ही पानांवर वेळ लिहून साहेबांसमोर ठेवा. दोष कुठे आहे हे त्या पानांवरून साहेबांनाही कळेल.